निवडणारी

ग्वाव्हच्या गोदामात, दुसऱ्या मजल्यावर,
लाकडी बाकांवर आम्ही चौदा जणी.
समोर जायफळांचा ढीग.
अख्खं इकडे, किडकं तिकडे,
शंका आली तर पाण्यात टाक:
भरीव बुडतं, पोकळ तरंगतं.
बावीस वर्षं माझा हात चुकला नाही.
अंधारातही सांगितलं असतं, नुसत्या अंगठ्याने.

मग अंगठाच सुजला.
सकाळी मूठ वळेना, बादलीची कडी धरवेना,
केस उशीवर राहू लागले.
मिस ओरेलिया म्हणाली, समुद्राचा वारा बाधला.
आई म्हणाली, नजर.
दवाखान्यातला पोरगेला डॉक्टर म्हणाला, वय झालं.
मी एकोणचाळीसची.

त्याच्या पुस्तकात एक फुलपाखरू होतं,
गोऱ्या गालांवर, लालभडक, पंख पसरून बसलेलं.
त्याने माझा गाल पाहिला, पुस्तक पाहिलं,
पुस्तक मिटलं.
माझ्या कातडीवर लाल हे लाल दिसत नाही, बाबा.
जांभळट उमटतं, राखेसारखं,
जायपत्री सोलून काढल्यावर
कवचावर तिचा माग राहतो ना,
तसं.

सेंट जॉर्जेसच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र बोटाने चाचपलं.
माझं रक्त विमानाने त्रिनिदादला गेलं,
मी अजून गेलेली नाही.
महिन्याने कागद आला. त्यावर नाव: ल्युपस.
म्हणजे लांडगा, त्या म्हणाल्या, जुन्या लॅटिनमधला.
आमच्या बेटावर लांडगा कुणाच्या बापाने पाहिलेला नाही.
मुंगूस आहे, डोंगरात माकडं आहेत.
हा आला कुठून?
आला नाही, त्या म्हणाल्या.
इथलाच आहे.

गोदामात डेल्सीने माझा कप
वेगळ्या खिळ्याला टांगला होता.
कुणी काही बोलत नव्हतं. ढीग तेवढा वाजत होता.
मी त्यातलं एक जायफळ उचललं, जड, अख्खं.
म्हटलं, ऐका.
अंगातसुद्धा एक निवडणारी बसलेली असते.
आपलं इकडे, परकं तिकडे,
रात्रंदिवस, बिनपगारी.
माझीचा हात बिघडलाय.
भरीवही ती आता किडकं म्हणून फेकते:
सांधे, कातडी,
आणि लघवीला फेस येतो ना, ती मूत्रपिंडं.
कपातून जाणारं यात काही नाही.

कुंपणच शेत खातंय म्हण की, मिस ओरेलिया म्हणाली.
मी म्हटलं, नाही.
खाणाऱ्याला भूक असते.
हिला वाटतंय, ही मला वाचवतेय.

मग काढून टाक तिला कामावरून, डेल्सी पहिल्यांदा बोलली.
आणि मग रस्त्यावरचा प्रत्येक ताप
आत येऊन बसेल, त्याचं काय?
गोळ्या तिला हाकलत नाहीत, हात जरा हळू करतात.
त्यातली एक तर डासांच्या तापाची, आजोबांच्या काळातली.
आणि ऊन टाळ, म्हणाल्या.
ऊन! ग्रेनाडात!
मी आता खिडकीपासून सगळ्यात लांब बसते.

रात्री मनगट चोळताना तिला सांगते,
अगं, हे आपलंच आहे. घाई करू नकोस.
अंगठ्याने बघ.
कधी ऐकते. मार्चमध्ये अजिबात ऐकलं नाही.

त्या संध्याकाळी डेल्सीने माझा कप धुतला,
बाकीच्या कपांत पालथा घातला.
दुसऱ्या दिवशी तो परत खिळ्यावर होता.
तिसऱ्या दिवशी नव्हता.