शेऱ्याचा रकाना

पाच चाळीस. पाळीवर दव इतकं
की चपला आधी ओल्या, मग जड, मग हातात.
पुढे डोमाजी नान्हे, ढिवर, वय विचारलं तर हसणारे,
खांद्यावर काठी, काठीला रिकामी टोपली, नुसती सवयीची.
माझ्याकडे कार्यालयाची दुर्बीण
आणि छापील तक्ता : प्रजाती, संख्या, वेळ, शेरा.

"आता बोलू नोका," म्हणाले,
आणि स्वतःच बोलत राहिले पाळ संपेस्तोवर :
सलंग कोणत्या साली कशी वाहिली,
कोणाची म्हैस कुठं रुतली,
कोणत्या जावयानं शिंगाड्याच्या वेलात घड्याळ हरवलं
आणि सासऱ्याला अजून सांगितलं नाही.

पहिली नोंद : ढोकरी, एक.
ढोकरी म्हणजे उभा राहिलेला चिखल.
उडाली तेव्हा कळलं,
चिखलाला आतून पांढरे पंख होते.

मग टिबुकल्या.
बोट उचललं की एक कमी,
बोट ठेवलं की दोन जास्त.
मी अकरा लिहिलं.
"तेरा लिवा. दोन खाली आहेत."
तेरा लिहिलं.
सरकारी कागदावर पाण्याखालचं काही लिहायची
ही माझी पहिलीच वेळ.

देवधानाच्या गर्दीत जांभळी पाणकोंबडी,
एका पायात कणीस धरून खात होती,
लग्नात उभ्यानं जेवणारं माणूस जसं
ताटाकडे कमी, मांडवाकडे जास्त बघतं.
"माही माय इले मोठी मामी म्हने," डोमाजी म्हणाले.
"चालनं पाहा ना जी."
चालणं पाहिलं. मामीच.

सारसाची ओळ छापूनच आली होती,
सगळ्यात वर, ठळक.
बांधापलीकडे गवताचा एक ढीग होता,
मधोमध बसका, कडेनं हिरवा फुटलेला.
डोमाजींनी काठीनं दाखवला, बोलले नाहीत.
पाऊण तास बसलो.
एकदा धानाच्या पल्याड आवाज झाला, लांब, कर्कश.
दोघांच्याही माना वळल्या.
"रेंग्याचा आस होय," ते म्हणाले. "तेल नाई टाकत थो."
पण मान लगेच परत आणली नाही त्यांनी.

शून्य लिहू की रेघ मारू?
रेघ म्हणजे बघितलंच नाही.
शून्य म्हणजे बघितलं.

परतताना कमळाच्या पानांवर
एक पक्षी चालत होता, आणि त्याला दहा पाय.
दुर्बीण पुसली. दहाच.
पंखांखाली चार पिल्लं दाबलेली,
पाय तेवढे बाहेर लोंबत होते
धाग्यासारखे.
"नर होय थो," डोमाजी म्हणाले.
"मादी गेली दुसऱ्या घरी."

मग गुडघाभर पाण्यात उतरले,
पान उलटं केलं, ओंजळ वर आणली.
ओंजळीत चपटा, तपकिरी किडा,
पाठीवर अंडी इतकी गच्च
की किडा कमी, अंडीच जास्त.
"हा बी बाप."
अलगद सोडला. हात लुंगीला पुसले.
"माह्या बी तिघी अशाच," म्हणाले,
आणि लगेच, "किती वाजले?"

आठ बारा.
तक्त्यात किड्यांना ओळ नाही.
शेऱ्याच्या रकान्यात लिहायला घेतलं तर
पेनाच्या टोकावर टाचणी येऊन बसली,
निळी, रेघेएवढी,
पंख मिटून, जणू तिलाच लिहायचं होतं.
डोमाजी पुढे निघून गेले होते,
वळून ओरडले, चहा होईन म्हणून.
मी हात हलवला नाही.
शेरा
अजून कोराच होता.