तिसरी गाठ

सकाळी सहाला मी त्यांच्या शर्टाची बटणं लावते.
वरून तिसरं मात्र त्यांचं त्यांना लावायचं असतं.
मी थांबते. खिडकीखाली डार्ट नदी,
ओहोटीने उघडा पडलेला चिखल, फेरीची पहिली खेप.
बटण लागत नाही.
"तू कर," म्हणतात, "हात संपावर गेलेत."

लेफ्टनंट कमांडर राल्फ ट्रेगेन्झा. वय ब्याण्णव.
खोली चौदा, उशाशी हातभर दोर.
डार्टमथच्या टेकडीवरचं लाल विटांचं कॉलेज
पलंगावरूनही दिसतं; ते तिकडे पाठ करून झोपतात.

तेराव्या वर्षी तिथे आणून सोडलं.
आईने स्टेशनातूनच हात हलवला.
पलंगाच्या पायथ्याशी पेटी, पेटीत कपडे,
घडीला घडी जुळते का, कोणीतरी फूटपट्टी घेऊन बघायचं.
चालायला बंदी. जेवायलासुद्धा धावत.
आणि कॉटल नावाचा एक जुना खलाशी
पोरांचे डोळे बांधायचा, हात पाठीमागे न्यायला लावायचा,
दोर द्यायचा आणि दहा मोजायचा.
दहाच्या आत बोलाइन, नाहीतर
"गाठ माझ्याशी आहे!"
(त्याचे शब्द काही वेगळे असतील. मी ऐकले ते असे.)

मी म्हटलं, आमच्या देवगडात दोनच:
सुरगाठ ओढली की सुटते,
निरगाठ मेल्याशिवाय सुटत नाही.
तुमची यातली कुठली?
चहा गार होईतो विचार करत बसले.
"तिसरीच. ओझं असेतो सरकत नाही, सुटतही नाही.
ओझं गेलं की एका बोटाने सुटते."

युद्धाचं सलग कधी सांगत नाहीत.
एकदा नखं कापताना: कुऱ्हाडीने बर्फ फोडायचो,
नाहीतर जहाज वरून जड होऊन कलंडलं असतं.
एकदा, कोको नको म्हणताना: तेव्हाच्या कोकोत चमचा उभा राहायचा.
एकदा, काही कारण नसताना:
"टँकर होता. मग नव्हता."

त्या रात्रीचं मात्र एका दमात.
थांबायला चार मिनिटं, कप्तान घड्याळ धरून.
पाण्यात तेल, तेलात एक तोंड.
एकवीस वर्षांच्या पोराने हातमोजे काढले,
अंधारात, न बघता, दहाच्या आत बांधली, टाकली.
फास नेमका डोक्यावरून जाऊन मानेशी बसला.
आता फक्त एक हात त्यातून वर काढायचा.
"हात वर!" हा ओरडतोय.
हात येईना.
तो माणूस बघत राहिला, अगदी सभ्यपणे,
दुकानात आपला नंबर यायची वाट बघतात तसा.
मग खाली इंजिनाची घंटा वाजली.
ओढला असता तर गळा आवळला असता. धरून ठेवला असता, तरी गळाच.
"मी दोर सोडला," ते म्हणाले.
जहाज आधी पाच गाठी, मग बारा, मग अठरा.
वेगालाही गाठीच म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

पदक आहे. मोज्यांच्या खणात, मोज्यांखाली.

आज थंडी फार, शर्टावर स्वेटर हवाच.
गळा डोक्यावरून ओढते, खांद्याशी अडतो,
डावा हात आत कुठेतरी गुंतून राहतो.
"हात वर करा, कमांडर," मी सवयीने म्हणते
आणि जीभ चावते.
ते माझ्याकडे बघत राहतात, अगदी सभ्यपणे.
मी बाहीत कोपरापर्यंत हात घालते, चाचपडते,
गार बोटं लागतात,
धरते,
आणि ओढून बाहेर घेते.