दुपट्ट्याखाली

मौद्याच्या बाजारात म्हशी उभ्या,
मी स्टुलावर, मांडीवर बोर्ड.
बाईमाणूस इथे दोनच:
मी, आणि चहाच्या गाडीवरची सुभद्रा नेवारे,
जी न विचारता मला साखर कमी घालते.

म्हैस काळी नसते.
हे कळायला मला अकरा वर्षं लागली.
पाठीवर ऊन आलं की निळसर,
पोटाखाली विटकरी,
कानाच्या आत सोललेल्या शिंगाड्याचा फिका जांभळा,
चिखल वाळलेल्या मांडीवर राख,
आणि शेपूट रोज आपटते तिथे नुसती चमक.
काळ्याची ट्यूब डब्यात कडक होऊन गेली.

मी रंगात जवसाचं तेल घालते.
जवसाचीच ढेप तिच्या टोपल्यात भिजते.
एकाच घाण्यातून आलो आम्ही दोघी.
हे कुणाला सांगितलं नाही अजून, हसतील.

दावं धरून उभा असलेला डोमाजी सहारे
कागदावर वाकला.
"म्हैस बराबर हाय बाई,
पन थिचं वजन कुठी हाय?"

मी तिला चारही पायांवर सारखी उभी केली होती,
टेबलासारखी.
ती तर तीन पायांवर होती,
मागचा डावा नुसता टेकवलेला,
तिकिटाच्या रांगेत आपण उभे राहतो तशी.
खोडलं. पुन्हा काढलं.
तेवढ्यात तिने पाय बदलला.

मग दलालाने खांद्यावरचा दुपट्टा सोडला.
त्याचा हात आत, गिऱ्हाइकाचा हात आत.
वर दोघं बोलत होते
कुणाच्या तरी लग्नातल्या सांबारवडीबद्दल,
खाली कापड हलत होतं,
मांजर पोत्यात हलतं तसं.
डोमाजी त्या दोघांकडे पाहत नव्हता.
खुराला लागलेला खडा काढत होता.
हात बाहेर आले.
दलाल म्हणाला, तीस.
डोमाजीने दाव्याची गाठ सोडली, एवढंच.

मी म्हशी सोडल्या आणि ते कापड रंगवलं.
साडेतीन फूट बाय दोन.
विण, तंबाखूचा डाग, उसवलेली किनार,
आतून वर आलेली बोटांची उंचवटी.
डाव्या कोपऱ्यात एक शिंग, तेही अर्धंच.

सिव्हिल लाइन्सच्या हॉलमध्ये एसी जोरात होता.
एक आर्किटेक्ट म्हणाले, ड्रेपरी छान आहे.
एका मुलाला वाटलं, आत कबूतर.
आणि माझ्या जुन्या म्हशी घेणारे काळे वकील
हळूच म्हणाले, यंदा जनावर नाही का?
बैठकीला जनावर बरं दिसतं.

शेवटच्या दिवशी डोमाजी आला.
मेडिकलला नातवाचा दात दाखवायचा होता,
त्या निमित्ताने. चपला हातात घेऊन,
दारावरचा पोरगा नको नको म्हणत असताना.
बाकी भिंतींकडे त्याने पाहिलंच नाही.
कापडासमोर थांबला,
मान तिरपी केली, जनावराचे दात पाहताना करतो तशी,
आणि हवेत बोट धरून मोजलं.

"तीनच हायेत."
पुन्हा मोजलं.
"मले दोन वर्सं वाटे, त्यानं चार धरले असन
अन् दहा हजार मधातच दाबले.
नाही. तीनच.
तुम्ही तं पाहूनच काढता न बाई?"

मी हो म्हणाले.

"बेस झालं," म्हणाला,
"उगाच त्या मानसाले शिव्या देल्ल्या म्या,"
आणि नातवाला घेऊन गेला,
पोरगं गालावर हात धरून.

उजवीकडे, तिसऱ्या उंचवट्याच्या पुढे,
कापड सपाट आहे.
नजरेला तिथे विसावा हवा होता.
ती एक घडी मी काढून टाकली होती,
की तिथे घडी नव्हतीच?
मौद्याचं स्केचबुक माळ्यावर आहे, निळ्या पिशवीत.
शिडी मी दोनदा लावली.
दोन्ही वेळा स्वयंपाकघरातला बल्ब बदलून
खाली उतरले.