त्रेचाळीस अंश

मार्च लागला की कळमन्याच्या यार्डात
शिंकेवरून नवखा माणूस ओळखू येतो.
हमालाच्या नाकावर दुपट्टा,
अडत्या शेडच्या बाहेर उभा राहून भाव बोलतो,
आणि आत, लाल ढिगाला टेकून,
सयत्राबाई निनावे, माझी माय,
देठं खुडते आहे.
किलोमागे दोन रुपये, तेव्हाचे.

तिला शिंक येत नसे.
"नाकाले सांगून ठेवलं हाये," म्हणायची,
"कामावर गप राह्यजो."

रात्री मात्र हात बोलायचे.
पाण्यात बुडवले की अजूनच.
फळा दिसायच्या आधीपासून मला ते ठाऊक होतं
जे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला सरांनी फळ्यावर लिहिलं:
पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं.
तूप घरात सणापुरतं. जवसाचं तेल होतं.
मी तिची बोटं चोळायचे, मग माझी पेटायची,
मग तीच चुकून डोळ्याला,
आणि इतवारीतल्या त्या एका खोलीत
दोघी रडत रडत हसायचो.
बाप झोपेत विचारायचा, "काय झालं व?"

आता मी प्रयोगशाळेत. नमुने येतात,
नाव नसतं, नंबर असतो.
सावजीचा काळा मसाला मी नंबर न बघता ओळखते.
आधी दगडफूल, ओल्या खडकाचा वास,
बुरशी आणि शेवाळानं मिळून थाटलेला संसार.
मग लवंग, जिचं युजेनॉल
दाताच्या दवाखान्याच्या पायरीवरच भेटतं.
हळदीवर आम्ल टाकते. खरी गुलाबी होते, खोटीही होते.
पाणी ओतलं की खरी पुन्हा पिवळी.
खोटी गुलाबीच राहते, हट्टानं.

मिरचीच्या नमुन्यापाशी मी जरा जास्त थांबते.

एकदा मायला सांगितलं, मिरची जाळत नाही.
कातडीत एक दार असतं,
त्रेचाळीस अंशांना उघडणारं.
उघडलं की मेंदूला निरोप जातो: चटका.
मिरचीतलं कॅप्सेसिन त्या दाराची कडी
गार असतानाच काढतं.
आग नसते कुठेच. नुसता निरोप.
"नुसता निरोप?"
ती हात उलटेपालटे करून बघत राहिली.
"मंग तीस वर्सं रातच्याले
मी कोणाचा निरोप घेऊन जागून राह्यली होती?"

मे महिना. बाहेर सेहेचाळीस.
कूलरची टाकी कोरडी,
शहराची सगळी दारं उघडी.

यंदा तिचे गुडघे गेले.
मेडिकलमधल्या पोरगेल्या डॉक्टरनं मलम लिहून दिलं.
रिक्षात बसून मी बारीक अक्षरं वाचली:
कॅप्सेसिन, ०.०२५ टक्के.
किंमत वाचली. मनात भागाकार केला,
किती किलो देठं. तिला सांगितला नाही.

"जुनीच ओळख हाये," माय म्हणाली, ट्यूब उघडून, हुंगून,
जरी त्याला वास नव्हता.
म्हटलं, आधी चरचरेल.
मग तो मज्जातंतू निरोप धाडून धाडून थकतो,
त्याच्याकडचं सांगायचं संपतं,
आणि दुखणं कळेनासं होतं.
दुखणं जातं असं नाही, हेही सांगितलं.
मी नमुन्यांशी खोटं बोलत नाही, तिच्याशी कशाला बोलू.
ती बराच वेळ गुडघा चोळत होती.
"थकते म्हणतं," ती म्हणाली. "बराबर हाये."
काय बरोबर, ते मी विचारलं नाही.

मग तिनं चष्मा लावला, ट्यूब दूर धरली,
शाळा चौथीपर्यंतची, एकेक अक्षर जोडत:
ला-व-ल्या-वर
हात
स्व-च्छ धु-वा-वे.

इतकी हसली की पदर तोंडाशी धरावा लागला.
"हात धुवा म्हणते व! मले!"

मग धुतले तिनं. साबणानं, दोनदा,
मला बरं वाटावं म्हणून.
आणि रश्श्यासाठी भिवापुरी मिरच्या पुढ्यात घेऊन
देठं खुडायला बसली.