नमुना

सव्वासातला अशोक चौकातल्या लॅबचं शटर
अर्धंच वर केलं,
तर खाली चपला, आधीच येऊन थांबलेल्या.
मल्लेशम कुरापाटी, वय चव्वेचाळीस,
टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी.
मागे बायको, बोटांना तंबाखूचा वास,
विड्यांचं सूप अर्धं टाकून आलेली.

"किती वेळ झाला?"
"सव्वीस दिवस," तो म्हणाला.
मी जेवणाचं विचारलं होतं.

ती गप्प. तिची तपासणी वेगळी, नाकाची.
पंधरा वर्षं, रोज रात्री, दारातच.
आणि त्याच्याकडेही तोड असायची: बडीशेप, कच्चा कांदा,
एकदा तर घासलेटची चूळ.

नाकाला कालचंसुद्धा नीट सांगता येत नाही.
जीजीटी यकृताचं रडणं मोजते,
पण यकृत दुसऱ्या दुखण्यानंही रडतं.
तांबड्या पेशी फुगतात; त्या तर
पालेभाजी न मिळणाऱ्याच्याही फुगतात.
म्हणून डॉक्टरांनी यंदा नवीन लिहून दिलं, पेथ.
आमच्याकडे होत नाही, थंड डब्यातून पुण्याला जातं.

काय असतं ते, तिनं विचारलं.
माझे आप्पा जकार्डवर चादरी विणायचे,
मला तेवढ्याच भाषेत सांगता येतं:
पेशीभोवती एक पातळ कापड असतं अक्का,
दारू आली की त्यात एक धागा भरतो,
दारूशिवाय दुसऱ्या कशानं न भरणारा.
धुतला तरी निघत नाही. उसवायला आठवडे जातात.

"म्हणजे भोकं पाडलेला पुठ्ठा," ती म्हणाली.
"मागावर कुणी का बसेना, नमुना तोच उतरणार."

त्याची शीर तिसऱ्या टोचणीला सापडली.
हात थरथरत होता. माझा नाही.

मंगळवारी रिपोर्ट आला.
पहिल्या वेळी बाराशे चाळीस,
आता एकशे सत्तर.
"आहे की अजून," ती लगेच म्हणाली.
मी म्हटलं, ते मागचं आहे.
मधे घेतली असती तर इतकं उतरलं नसतं.
तिनं कागद उलटा करून पाहिला,
मागे काही लिहिलंय का म्हणून.

आप्पांचं रक्त कुणी असं पुण्याला पाठवलं नाही.
ते दारातून म्हणायचे, आज नाही घेतली गं.
एखाद्या दिवशी खरंच घेतली नसेल.
आम्ही वास आधीच ठरवून ठेवलेला असायचा.

मल्लेशम बाकावर बसून होता बराच वेळ.
आकड्यावर बोट ठेवून,
एकशे सत्तर, एकशे सत्तर, तेलुगूत पुटपुटत.
मग उठला,
शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे बघून विचारलं,
"हे लॅमिनेट करून मिळतं का?"

मी म्हटलं, पुढच्या महिन्यात दुसरा येईल.
"तोही करू," तो म्हणाला,
आणि बायकोकडे पैसे मागितले,
वीस रुपये,
आणि तिनं कशाला असं विचारलं नाही.