गुरुवारचा जन्म

दॅगूत मार्च उजाडला तो फोनच्या किंकाळीने.
सगळ्यांचे फोन एकदम ओरडायचे,
बसमध्ये, न्हाणीघरात, नवऱ्याच्या उशीखाली:
पन्नाशीतला पुरुष. सव्वादोन वाजता नूडलचं दुकान.
चार वाजता सार्वजनिक हमामखाना.
मधला पाऊण तास लिहिलेला नसे,
आणि गल्ली आठवडाभर बोलायची
ती त्या पाऊण तासावरच.
समोरचा शिंपी म्हणाला, मरणाचं काही नाही हो,
पण माझा रस्ता असा छापून येऊ नये.

माझं औषधाचं दुकान बाजाराच्या मागल्या अंगाला.
तीस वर्षं लोक इथे हळू बोलत आले:
मूळव्याध. झोप लागत नाही. मुलाला सांगू नका.
आता कुणी हळू बोलत नाही.
आले का? किती आले? आमच्या आधी कुणाला दिले?
गोळ्यांच्या खोक्यामागे मी लिहिते, मास्क संपले,
लोक ते वाचतात
आणि वाचून झाल्यावर विचारतात.

सोलहून भाचीचा फोन.
मावशी, मी कुठली ते इथे सांगतच नाही.
आपला हेल गिळून बोलते.
मी विचारलं, जेवलीस का?
ती आपल्या हेलातच रडली.

मग नियम आला.
जन्मसालाचा शेवटचा आकडा तोच तुमचा वार.
एक आणि सहा सोमवारी, दोन आणि सात मंगळवारी,
माणशी दोन मास्क, आठवड्याला.
गठ्ठे यायचे पाच-पाचांचे.
रात्री हातमोजे घालून मी पाचांचे दोन-दोन करायची,
एक उरायचा,
तो पुढच्या उरलेल्याला जोडायचा.
पोरासोरांचं गणित,
आणि मी तीनदा चुकले.

मंगळवारी रांग पार बेकरीच्या वळणापर्यंत.
थंडी होती. मॅग्नोलियाला कळ्या होत्या,
कुणी वर पाहत नव्हतं.
माल-सुन पुढे आली. भाजीच्या टोपलीएवढी बाई.
चौथ्या मुलीवर वैतागून आईबापांनी ठेवलेलं नाव,
आपल्या नकुशीसारखं,
'ही शेवटची, पुरे' असं काहीसं.
मी ओळखपत्राचा आकडा टाकला.
संगणकाने नाही म्हटलं.

आजी, तुमचा चौव्वेचाळीसचा जन्म. गुरुवारी या.
ती म्हणाली, कागदाचा चौव्वेचाळीस.
माझा बेचाळीसचा.
आधीची दोन गोवराने गेली होती.
बाप म्हणाला, शाई कशाला वाया घालवा,
जगली तर लावू नाव.
दोन हिवाळे पाहिले त्याने,
मग गेला कचेरीत.

रांगेत कुणीतरी ओरडलं, आटपा की!
आणि मागून ओक-बुन, चाळीस वर्षांची शेजारीण,
कपाळाला हात लावून म्हणाली,
म्हणजे तू माझ्याहून मोठी?
आणि मी तुला इतकी वर्षं धाकटी म्हणून दटावत होते?
रांग हसली.
पंधरा दिवसांत पहिल्यांदा.
पण हसताना जो तो
शेजाऱ्यापासून पाऊलभर मागे सरला.

मी ड्रॉवर उघडला. त्यात माझे स्वतःचे दोन होते.
तिने हातानेच थांबवलं.
बापाने दोन वर्षं वाट पाहिली,
मी दोन दिवस पाहीन.
आणि पावती न घेता गेली,
पावती नव्हतीच म्हणा.

बुधवारी हमरस्त्यावर रुग्णवाहिका,
परगावच्या पाट्यांच्या, एकीमागे एक,
भोंगा न वाजवता.
ओक-बुनच्या खिडकीत दिवा होता, माल-सुनच्या नव्हता.
गेले नाही विचारायला.
हे आज लिहिते आहे, तेव्हा लिहिलं नसतं.

गुरुवारी सकाळी अकराला माल संपला.
दोन मी बाजूला ठेवले, नियमाबाहेर.
बारा. तीन. शिंप्याने दुकान बंद केलं.
साडेपाचला काचेवर टकटक,
कमरेच्या उंचीवर.
एका हातात फडक्यात बांधलेली उकडलेली रताळी,
दुसऱ्यात ओळखपत्र.

मी आकडा टाकला. या वेळी संगणक हो म्हणाला.
ती काउंटरवर हनुवटी टेकून पडद्याकडे बघत राहिली,
जणू आत कचेरी आहे,
आणि कारकून शाईत टाक बुडवतो आहे.
आहे मी अजून, म्हणाली.
लिहून घे.