घडी

पालला तंबू टाकायचे, हे हर्षलने पुण्यात बसून ठरवलं.
नाताळची सुट्टी, एकोणीस माणसं, तीन तंबू.
खोक्यावर चित्र होतं: चौघांचं हसरं कुटुंब,
मागे बर्फाचा डोंगर.
सिंधूआत्याने चष्मा लावून ते नीट पाहिलं,
म्हणाली, आणि यांचे बाकीचे कुठे गेले?

ढग दुपारीच आले, मध्य प्रदेशातून,
वनखात्याच्या नाक्यावर नाव न लिहिता.
आम्ही लिहिलं होतं. एकोणीस नावं, गाड्यांचे नंबर,
येण्याचं कारण: भरीत.

पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी नुकती सुरकुतायला लागली होती,
कांद्याची पात चिरून झाली होती,
लाकडी बडगी धुऊन उपडी घातलेली.
पहिला थेंब पडला हर्षलच्या मोबाइलवर,
त्यात अजून ऊन दाखवत होते.

मग वारा.
पहिला तंबू सुकी नदीकडे निघाला,
कुणाची तरी एक चप्पल घेऊन.
दुसरा जागच्या जागी बसला, दमलेल्या म्हशीसारखा.
तिसऱ्यातून मुलं बाहेर आली आणि म्हणाली,
परत करा ना, परत पाडा.

गारा सुरू झाल्या तेव्हा डिगंबरमामा छोट्या हत्तीकडे धावले.
ताडपत्री काढली, केळीच्या गाडीवरची,
चिकाने जागोजागी काळी पडलेली.
बांधायला दोरी होती. सावद्याला, ओट्यावर,
विसरू नये म्हणून समोरच ठेवलेली.

म्हणून माणसं लागली.
एक कोपरा हर्षलने धरला, आरोपीसारखा.
एक माझ्या आईने, पदर खोचून.
एक मामांनी.
चौथा मोकळाच फडफडत होता,
येईल त्याच्या तोंडावर बसत होता.
तो वामनकाकांनी धरला.

चार वर्षं बोलत नव्हते दोघं.
कुणी सांगतं साखरपुड्यात टॉवेल-टोपी राहिली,
कुणी सांगतं पंगतीला हाक मारली नाही.
साखरपुडा ज्याचा होता तो हर्षल
मधल्या कोपऱ्यात उभा राहून
दोघांकडेही बघत नव्हता.

वर गारा,
हरभऱ्याची पोती कुणी तोंडं सोडून ओतावीत तशा.
ताडपत्रीला मधे पाण्याचं पोट सुटलं.
एकाने उचलली की ते दुसऱ्याच्या अंगावर जायचं.
मामा हवेला म्हणाले, उचला.
काका पावसाला म्हणाले, जरा सैल सोडा.
खाली आम्ही पंधराजण, गुडघ्यात गुडघे,
कुणाचा पाय कुणाचा ते मुंग्या आल्यावर कळत होतं.

आत्याने टॉर्चच्या उजेडात वांगी सोलली.
अर्धी कच्ची, राखेसकट.
बडगीत ठेचली, वर कच्चं तेल, कळण्याच्या गार भाकरी.
हात अडकलेल्या चौघांना तिने उठून भरवलं,
फेरी मारत,
एकाच हाताने, कोण कुणावर रुसलंय ते न विचारता.
काकांना ठसका लागला.
मामांनी त्यांच्या बाजूचा भार थोडा आपल्याकडे ओढला.
मी पाहिलं. बाकी कुणी पाहिलं असेल तर बोललं नाही.

पहाटे थांबला.
सूर्य आला तो असा, जसा काही रात्री इथे नव्हताच कुणी.
मुलं चप्पल शोधायला नदीकडे गेली, तंबू घेऊन आली.
चप्पल नाही मिळाली.

आणि ताडपत्री उरली,
चिखलात पसरलेली, दोन माणसांच्या मापाची.
मामांनी दोन कोपरे उचलले आणि थांबले.
पलीकडचे दोन काकांनी उचलले.
झटकली. पाणी उडालं.
मग चालत आले एकमेकांकडे,
घडी घालायची म्हणजे तेवढं चालावंच लागतं.
कोपऱ्याला कोपरा लागला. चिकाची चिकट बोटं.
काका ताडपत्रीकडेच बघत म्हणाले,
वांगे बामनोदचे नव्हते.

मामा दोन पावलं मागे गेले, दुसऱ्या घडीसाठी.
बामनोदचेच होते, म्हणाले,
आणि परत पुढे आले.